भाऊंचा टीव्ही आणि ओळंबा

टीव्ही पाहून पाहून भाऊंचे डोळे गेले, असं आमच्या गल्लीत अजून म्हणतात. मी तेव्हा गप्प राहते. चार माणसांत मला बोलता येत नाही. पण खरं तसं नाही. टीव्हीनं उलट आधीच सांगितलं होतं. आम्हीच सगळे टीव्ही दुरुस्त करत बसलो.

भाऊ म्हणजे आमचे घरमालक. माजरीच्या खदानीत सर्व्हे खात्यात हेल्पर होते, तिथूनच रिटायर झाले. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. एक भाची वणीला, ती दिवाळीत फराळाचा डबा घेऊन यायची आणि घराच्या भिंतींकडं पाहत बसायची. मी लग्न होऊन आरमोरीकडून इकडं आले तेव्हा आमच्या ह्यांना ठेकेदाराच्या डंपरवर काम लागलं होतं, आणि भाऊंच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. मी धानाच्या गावात वाढलेली. इथं सकाळी सडा टाकला की दुपारपर्यंत अंगणावर काळी भुकटी बसायची. सुरुवातीला मला रडूच यायचं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण भाऊ एकदा विहिरीपाशी म्हणाले, "रडू नको वं बाई. कोळसा होय, धुतला का जाते."

त्यांच्या घरात शिरलं की माणसाची नजर आधी वर जायची. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत स्लॅबला चुन्याची एक पांढरी रेघ ओढलेली होती. पाहुणे विचारायचे, गळते का हो? भाऊंना त्याचा राग यायचा. जमिनीखाली कोळसा काढताना बोगदा पुढं पुढं खोदत नेतात. तो सरळ जावा म्हणून छताला खिळे ठोकून ओळंबे सोडायचे. गवंडी भिंत पाहायला जो दोरीला बांधलेला वजनाचा गोळा लावतो, तोच ओळंबा. मग एक डोळा मिटून उभं राहायचं. सगळ्या दोऱ्या एकीमागं एक लपल्या की लाइन सरळ, आणि तिच्या वर छताला चुन्याची रेघ. भाऊंनी जन्मभर हेच काम केलं. डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं पाहायचं. रिटायर झाल्यावर पाहायला काही राहिलं नाही, म्हणून घरातच रेघ ओढून घेतली.

पुढच्या दाराच्या चौकटीला आतून त्यांचा पितळी ओळंबा टांगलेला असायचा. बाहेरून आले की उंबऱ्यात थांबायचे, डावा डोळा मिटून दोरीकडं पाहायचे, मग आत यायचे. "दोरी पाह्यली का डोकं जागेवर येते," म्हणायचे.

चपला ओळीत पाहिजेत. ताटात भाकरीची घडी ताटाच्या काठाला धरून पाहिजे. बाजाराला जायचं तर रस्त्यानं वळून जायचे नाहीत, मधलं मैदान सरळ कापायचे. मैदानात पोरं क्रिकेट खेळत असली तरी ते पीचवरून जायचे आणि पोरं थांबायची. एकदा ग्रामपंचायतीनं तिथं आडवी नाली खोदली. भाऊ नालीत उतरले, पलीकडून चढले आणि तसेच पुढं गेले. चिखलानं धोतर भरलं होतं. आमच्या ह्यांनी विचारलं, "काऊन भाऊ, फिरून याचं ना?" तर म्हणाले, "नाली वाकडी खोदली त्याईनं. मी काऊन वाकू?"

हे सगळं हसण्यासारखं होतं, आणि लोक हसायचेच. पण एकदा पावसाळ्यात सपरीत, दारापुढच्या पडवीत, बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तरुणपणी खालच्या एका बोगद्यात त्यांना रेघ बोटभर सरकलेली दिसली होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी काम थांबवायला लावलं, शिव्या खाल्ल्या. मग लांब बरमा मारून पाहिला तर भोकातून पाण्याची धार आली. पलीकडं जुन्या, सोडून दिलेल्या खदानीत पाणी भरलेलं होतं. "बोटभर वाकडं," भाऊ म्हणाले, "अन् सगळे गेलो असतो. माह्या डोळ्यानं वाकडं कधी सोडलं नाई बाई." ते सांगताना त्यांनी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं होतं. त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणून तेवढंच होतं.

टीव्ही नंतर आला. टीव्ही कसला, कपाटच ते. अधिकाऱ्यांच्या क्लबात असायचा. जमिनीखालची खदान बंद झाली, उघडी खदान सुरू झाली, आणि क्लबाचं जुनं सामान लिलावात निघालं. कोणी खुर्च्या घेतल्या, कोणी कॅरम. भाऊंनी टीव्ही घेतला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणला तर दारातून आत जाईना. लोक म्हणाले, सपरीत ठेवा. भाऊंनी दाराची चौकटच काढली, टीव्ही आत घेतला, आणि चौकट परत बसवताना गवंड्याला रडकुंडीला आणलं, कारण ओळंब्याला ती केसभर बाहेर होती.

"एवढा मोठा टीव्ही एकट्या माणसाले कायले पाह्यजे?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"क्लबात होता तवा खिडकीतून पाहो मी त्याले," भाऊ म्हणाले. "आता खुर्चीवर बसून पाहीन."

पण पाहायचं काय? चित्रच बिघडलेलं होतं. बातम्या देणाऱ्या बाईच्या एका बाजूला लाल बाई, दुसऱ्या बाजूला निळी बाई, मध्ये खरी. पडद्याच्या कडेला तर सगळं धनुष्यासारखं वाकलेलं. दुसरा कोणी असता तर टीव्ही विकून मोकळा झाला असता. भाऊ मात्र खूश दिसले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यापुढं काहीतरी वाकडं आलं होतं.

भद्रावतीचे एक मेकॅनिक यायचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. हात चालला की तोंडही चालायचं. त्यांनी टीव्हीची पाठ उघडली तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. आत एक मोठा आरसा तिरपा बसवलेला, आणि खाली ओळीनं तीन भिंगं, बेडकाच्या डोळ्यांसारखी फुगलेली.

"पाह्य बाई," चाचा म्हणाले, "हे तीन डोळे. एक लाल, एक हिरवा, एक निळा. तिघं एकच फोटू फेकतात, आपापल्या रंगाचा. आरशावरून पडद्यावर. तिघाईची नजर एका जागी जमली तं चित्र बरोबर. नाई जमली तं हे असं, एका घरात तीन सवती."

मी पदर तोंडाला लावून हसले. भाऊ हसले नाहीत. ते त्या तीन भिंगांकडं डावा डोळा मिटून पाहत होते.

जळालेला भाग चाचांनी बदलला, आरशावरची कोळशाची भुकटी मऊ कापडानं पुसली. पुढचं काम बसून करायचं होतं. रिमोटची काही बटणं एकामागून एक दाबली की काळ्या पडद्यावर उभ्याआडव्या रेघांची जाळी यायची. हिरव्या रेघा नीट बसवायच्या, मग लाल रेघा सरकवून त्यांच्यावर आणायच्या, मग निळ्या. तिन्ही एकावर एक बसल्या की रेघ पांढरी दिसायची. दूर बसून कोणीतरी सांगणारं पाहिजे होतं.

"त्या बाईले बोलाव," भाऊ म्हणाले. "तिची रांगोळी पाह्यली मी. एक ठिपका इकडचा तिकडं होत नाई."

म्हणून मला बोलावलं. दुपारी खिडकीवर गोधडी टांगून खोलीत अंधार केला. मी दाराजवळ सतरंजीवर बसले. भाऊ पडद्याजवळ, हातात रिमोट. मी फक्त एवढंच बोलायची, लाल खाली आहे, निळी डाव्या हाताला गेली, जमली. तीनच्या सुमारास उघड्या खदानीत ब्लास्टिंग झालं, घर हादरलं, भांडी वाजली. भाऊ म्हणाले, "थांबा. घर बसू द्या." मग पुन्हा सुरू. मला ते काम आवडलं होतं. रांगोळीसारखंच होतं, फक्त वाकावं लागत नव्हतं.

"तू बोलत नाई म्हणून बरं आहे," भाऊ म्हणाले. "हा चाचा पाह्यते कमी अन् बोलते जास्त."

"मी बोललो नाई तं तुमच्याशी कोण बोलन भाऊ?" चाचा टीव्हीमागून म्हणाले.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळी जाळी पांढरी झाली. नव्या चटईसारखी. चाचांनी सिरियल लावली तर एकच बाई दिसली, आणि तिच्या साडीचा काठसुद्धा ओळखू येत होता. आमचे हे कामावरून आले, दारातच उभे राहिले. भाऊ खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते मला क्लबाच्या खिडकीशी उभे असलेले दिसले.

मग सवयीनं त्यांनी जाळी परत लावायला सांगितली आणि डावा डोळा मिटला. चेहरा उतरला.

"मधात वाकडी आहे."

"कुठी?" चाचांनी विचारलं.

"तिथी. मधात पोचा पडल्यावानी. थांब, आता वरती गेली. मी वर पाह्यलं तं वर वाकडी. खाली पाह्यलं तं खाली." ते उठून पडद्याजवळ गेले. "पळून राह्यली साली. जिथी पाहावं तिथी वाकते."

मी पाहिलं. चाचांनी पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. रेघा सरळ होत्या.

"फिरता रोग आहे," भाऊ म्हणाले. "उघडा अजून."

त्या दिवसापासून चाचांचं येणं वाढलं. कधी हा भाग बदलला, कधी तो. टीव्ही बिचारा पुन्हा पुन्हा उघडला जायचा, पुन्हा मिटला जायचा. मला बोलावणं यायचं, मी सतरंजीवर बसून सांगायची, जमली. चाचा म्हणायचे, जमली. भाऊ डावा डोळा मिटून म्हणायचे, नाई. दाराच्या ओळंब्याकडं पाहूनही ते कधी कधी कुरकुरायचे, "या ब्लास्टिंगनं दोरी हालून राह्यते." मी दोरीकडं पाहायची, ती हलत नसायची. पण रोजच्या दोरीकडं रोज कोण नीट पाहतं? तेही पाहत नव्हते, मीही नाही.

शेवटी भांडण झालं. चाचा म्हणाले, "भाऊ, खुदा कसम, लाइन सिधी आहे. माह्या बापानं बी एवढी सिधी लाइन पाह्यली नसन."

"तुह्या बापानं काय पाह्यलं होतं? पंचर काढत होता तो."

चाचा काही बोलले नाहीत. पहिल्यांदाच. त्यांनी एकेक करून अवजारं पिशवीत टाकली. दारात वळून म्हणाले, "टीव्हीले काई झालं नाई. झटका तुमाले लागला आहे." आणि गेले. आम्ही हसलो होतो त्या बोलण्यावर. आमचे हे तर आठवडाभर तेच म्हणत होते.

मग भाऊ एकटेच रिमोट घेऊन बसू लागले. डावा डोळा मिटायचा, जाळीच्या मधल्या फुलीवर नजर ठेवायची, आणि भोवतीच्या रेघा एकेक करून हलवायच्या, त्यांना सरळ दिसेपर्यंत. दुपारच्या दुपारी. माझी मदत नको होती. एक दिवस त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "ये वं बाई! झाला सरळ!"

मी गेले. पडद्यावर कोणी पुढारी बोलत होता. त्याचं तोंड मधोमध चेपलं होतं, पातेल्याला पोचा पडतो तसं. नाक एकीकडं, ओठ दुसरीकडं. भाऊ डावा डोळा मिटून त्याच्याकडं खुशीत पाहत होते.

"वाकडं आहे भाऊ," मी म्हणाले.

"चवथी शिकली अन् मले लाइन सांगते?"

मी खाली मान घालून परत आले. गल्लीतले लोक मुद्दाम टीव्ही पाहायला यायचे आणि बाहेर जाऊन हसायचे. भाऊच्या टीव्हीत सगळ्याईले लकवा मारला, म्हणायचे. भाऊंना ऐकू जात होतं. "पाहाची अक्कल लागते," एवढंच म्हणायचे. त्यांच्या उजव्या डोळ्याला त्यांनी टीव्ही वाकवून दिला होता, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही.

उन्हाळा लागला होता. शेजारच्या मुलीचं लग्न होतं, मांडव आमच्या अंगणापर्यंत आला होता. मला मोठी रांगोळी काढायला सांगितली होती. एवढी मोठी मी कधी काढली नव्हती, म्हणून दोन खिळे ठोकून दोरी ताणली आणि दोरीच्या कडेनं ठिपके टाकले. भाऊ नवं धोतर नेसून आले. रांगोळीपाशी थांबले, डावा डोळा मिटला.

"आज काऊन वाकडी काढली वं? मधात पोट आलं तिले."

"दोरी धरून काढली भाऊ."

"दोरी ढिली असन."

ते घराकडं वळले. उंबऱ्यात सवयीनं थांबले. पण या वेळी लगेच आत गेले नाहीत. बराच वेळ मला त्यांची पाठच दिसत होती. त्यांनी ओळंब्याचा गोळा हातात धरून थांबवला, सोडला, परत पाहिलं. मांडवात बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली होती.

"बाई."

मी गेले.

"हे दोरी कशी आहे?"

"सरळ आहे भाऊ."

"खाली वजन आहे?"

"आहे."

"कोणी हात लावून राह्यलं का?"

"नाई."

 खाली वजन असलेली दोरी वाकत नाही. जगात एवढी एक गोष्ट ते पक्की मानत आले होते. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, कदाचित ते टीव्हीचे तीन डोळे आले. मी म्हणाले, "भाऊ, दुसरा डोळा झाकून पाहा."

त्यांना ते जमेना. उजवा डोळा एकटा मिटायची सवयच नव्हती. शेवटी त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं पाहिलं.

"सरळ," ते म्हणाले.

हात बदलला. "वाकडी."

परत बदलला. मग हात खाली घेतला आणि उंबऱ्यातच बसले. नव्या धोतराला माती लागली.

"म्हणजे टीव्ही बरोबर होता."

"हो भाऊ."

"अन् चाचा?"

"हो."

"त्याले बोलावून घे," ते म्हणाले. "त्याच्या बापावर गेलो मी."

नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात चाचा आणि आमचे हे त्यांना घेऊन गेले. चाचांनी परत येऊन मला सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी एक कागद दिला, त्यावर उभ्याआडव्या रेघांची जाळी. मध्ये एक ठिपका. भाऊ म्हणाले, "हे तं माह्या टीव्हीतली जाळी होय. तुमच्याजवळ कशी आली?" डॉक्टरबाई हसल्या नाहीत म्हणे. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब झाला होता. म्हातारपणात होतो तसला आजार. डाव्यानं नीट दिसत होतं, म्हणून दोन्ही डोळे उघडे असताना कळत नव्हतं. लवकर आले असते तर डोळ्यात इंजेक्शन देऊन थांबवता आलं असतं. आता एक देऊन पाहिलं, पण उजवा परत येणार नव्हता. पण डावा चांगला होता, आणि तो सांभाळायचा होता. रोज उजवा डोळा झाकून काहीतरी सरळ पाहायचं. ज्या दिवशी वाकडं दिसेल त्याच दिवशी यायचं. उशीर केला तर तोही जाईल.

"सरळ वस्तू माह्या दारातच टांगून आहे," भाऊ डॉक्टरबाईंना म्हणाले होते.

परत आल्यावर पहिल्यांदा त्यांनी टीव्ही लावला. खिडकीवर गोधडी, मी सतरंजीवर, चाचा टीव्हीमागं. भाऊंनी रिमोट हातात घेतला आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.

"सांग," म्हणाले. "आज तुह्या डोळ्यानं लावतो."

मी सांगत गेले, ते बटण दाबत गेले. पोचा भरत आला. त्या दुपारी ब्लास्टिंग झालं तरी कोणी थांबलं नाही.  सगळी जाळी पांढरी झाली तेव्हा मी म्हणाले, झाली. भाऊंनी डोळे उघडले नाहीत. "चाचा, बरोबर आहे का?" "बरोबर आहे भाऊ." "तुह्या बापाची कसम?" "माह्या बापाची कसम." मग त्यांनी डोळे उघडले.

त्यानंतर रोज सकाळी मी रांगोळी काढत असायची आणि भाऊ उंबऱ्यात उजवा डोळा झाकून उभे राहायचे. मी काही विचारायची नाही. ते आपणच म्हणायचे, "सरळ आहे." तेवढं ऐकलं की मी पुढचा ठिपका टाकायची. पावसाळा गेला, थंडी गेली, दुसरा पावसाळा आला. सरळ आहे. रांगोळी कितीही छोटी असली तरी मी ते ऐकेपर्यंत उठायची नाही.

पोळ्यानंतर काही काही दिसायला लागलं. चहा बशीत ओतताना बाहेर सांडायचा. चपला ओळीत असायच्या, पण एक उलटी. टीव्ही लावायचे आणि नुसतं ऐकायचे. मला वाटलं, वय झालं. कारण सकाळचं "सरळ आहे" कधी चुकलं नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली होती. शेजाऱ्यांकडं भिंतीचं काम निघालं. त्यांच्या गवंड्याचा ओळंबा कुठं पडला होता, म्हणून आमच्या ह्यांनी कामावर जाता जाता दारातला काढून त्याला दिवसापुरता दिला. मी सडा टाकत होते, मी पाहिलं होतं. भाऊ उठले, तोंड धुतलं, उंबऱ्यात आले. तळहातानं उजवा डोळा झाकला. दार मोकळं होतं. वर खिळा होता, खाली काही नव्हतं. तिथं पाहून भाऊ म्हणाले,

"सरळ आहे."

माझ्या चिमटीतली रांगोळी खाली सांडली. मी उठून उंबऱ्यापाशी गेले. मग म्हणाले, "भाऊ, ओळंबा नाई तिथी. गवंड्यानं नेला."

त्यांनी हात पुढं केला. दोरी असायची तिथं बोटं फिरवली. हात तसाच हवेत राहिला.

"कवापासून?" मी विचारलं.

"पोळ्यापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"एका डोळ्यात सुई घेऊन पाह्यली बाई. दुसऱ्यात घ्याची हिंमत नाई झाली." मग म्हणाले, "अन् भाची आली असती. घराले कुलूप लावून घेऊन गेली असती मले. म्हटलं, दिवाळीपर्यंत जाऊ द्यावं."

मला राग आला होता. रडूही येत होतं. ज्यांनी जन्मात वाकड्याला सरळ म्हटलं नाही, त्यांनी पोळ्यापासून रोज सकाळी मला सरळ आहे म्हणून सांगितलं होतं. आणि मी ते ऐकून ठिपके टाकत होते.

त्याच दिवशी नागपूरला नेलं. इंजेक्शनं दिली. काही उपयोग झाला नाही. मधलं सगळं गेलं, कडेचं राहिलं. मी जेवण घेऊन गेले की मान वळवून बाजूनं पाहायचे. "तुह्यं तोंड नाई दिसत," म्हणायचे. "पदर दिसते, कान दिसते. मधात धुकं आहे."

भाची आली, पण थंडी संपेपर्यंत इथंच राहू दे म्हणून भाऊंनी तिला हात जोडले. पहिल्यांदा त्यांना कोणापुढं हात जोडताना पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडून दोरखंड मागवला. खाटेपासून मागच्या दारापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधायचा, म्हणजे हातानं धरून संडासापर्यंत जाता येईल. वर चुन्याची रेघ होती, तिच्या बरोबर खाली. एक टोक खाटेला त्यांनी स्वतः बांधलं, दुसरं मी दाराच्या कडीला.

"ताणला?"

"हो."

"सरळ आहे का?"

मी पाहिलं. मध्ये टीव्ही होता. दोर त्याच्या कोपऱ्याला घासून वळत होता.

"टीव्हीपाशी वाकला आहे भाऊ. तिकडून नेऊ का?"

 तो टीव्ही आल्यापासून त्यांनी जागचा बोटभर हलू दिला नव्हता. झाडतानासुद्धा मी त्याला धक्का लावला तर ओरडायचे.

"खदानीत दगड आला तं लाइन वाकवत नाई बाई," ते म्हणाले. "दगड फोडतात. चाचाले बोलाव."

या वेळी चौकट काढली नाही. टीव्हीच घरात खोलला. चाचांनी पडदा काढला, आरसा काढला, तीन भिंगं फडक्यात गुंडाळली. भाऊ खाटेवर बसून आवाज ऐकत होते. एकदा म्हणाले, "हे तिन्ही डोळे अजून चांगले आहेत का?"

"एकदम चांगले," चाचा म्हणाले.

"मंग फेकू नको. कोणाच्या टीव्हीले लागतील तं पाह्य."

टीव्ही गेला. फरशीवर त्याच्या जागी एक स्वच्छ चौकोन उरला, बाकी फरशी काळपट. दोर परत ताणला. भाऊ उभे राहिले, डाव्या हातानं दोर धरला आणि चालू लागले, खाटेपासून दारापर्यंत, त्या रेघेच्या बरोबर खालून. चौकोनावरून गेले तेव्हा त्यांना कळलं नसेल.

उन्हाळ्यात भाची गाडी घेऊन आली. गाडीत बसल्यावर भाऊ मान वळवून घराकडं बाजूनं पाहत होते. मला म्हणाले, "ओळंबा काढू नको." तेवढंच. वणीच्या त्यांच्या खोलीत दोर बांधायला जागा नव्हती म्हणे. तिथं ते फार दिवस राहिले नाहीत. बातमी आली तेव्हा मी भात टाकत होते.

भाचीनं पुढचं घर बंद ठेवलं आहे, किल्ली माझ्याकडं आहे. सकाळी झाडायला दार उघडते. मोठी रांगोळी आता काढत नाही, दारापुरती काढते. मग उंबऱ्यात उभी राहते. आधी हात लावून पाहते, दोरी आहे ना. मग एक डोळा झाकून पाहते, मग दुसरा. अजून तरी ती सरळ दिसते. पण मी तसं मोठ्यानं म्हणत नाही.